करकोच्याचे फोटो

मी आन् माझ्या बायकोनं शेवटचं एकत्र काय केलं, तर दौंडच्या दवाखान्यात बाकावर बसून एका परक्या माणसाच्या पाळीव करकोच्याचे फोटो पाहिले. तिच्या दुखण्यापुढं डॉक्टरनं हात टेकले होते. मी सगळ्यांवर खवळलेलो, देवावरसुद्धा.

तो माणूस एकेक फोटो सदऱ्याला पुसून मगच हातात द्यायचा. पंख मोडलेलं पिल्लू त्याला नदीकाठी सापडलेलं. एका फोटोत ते त्याच्या मंडळींचा पदर ओढत होतं, दुसऱ्यात त्याच्या ताटात चोच.

“बगळा दिसतोय,” मी म्हणालो.

“करकोचा हाय, मामा.”

“ह्यांना कोंबडीबिगर पाखरू ठावं न्हाई,” बायको म्हणाली आन् हसली. महिन्यात पहिल्यांदा. “आता कुठं हाय तो?”

“गेला उडून. पंख सालातच भरला होता, तरी तीन वर्सं अंगणात राह्यला. ऱ्हा म्हणून त्याला कुणी सांगितलं होतं, मामी?”

माझा राग तिथंच उतरला. चाळीस वर्सं माझ्याजवळ राह्यली की ही. त्या माणसाचे उपकार हायेत माझ्यावर. नाव विचारायचं राहून गेलं.

संध्याकाळी न्हावऱ्याला घरी आलो आन् दिवस मावळताना ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हैस माझ्या हाताला पान्हा सोडीना. धार कायम बायकोच काढायची. मी बायकोचं लुगडं अंगावर पांघरून खाली बसलो. म्हशीनं वास घेतला आन् दूध दिलं.