करून राहिले

लातूरच्या डाळमिलमध्ये आई आणि मी समोरासमोर बसून तूरडाळ निवडायचो. खडा, काडी, काळी डाळ बाजूला काढायची. धूळ अशी उडायची की संध्याकाळपर्यंत दोघींच्या भुवया पांढऱ्या. मला त्या कामाचा भारी वैताग यायचा आणि मी तो लपवायचेही नाही. आई म्हणायची, "तोंड बंद ठेव, धूळ जाती."

कामावरून सुटले की मी पलीकडच्या गल्लीतल्या फुकट वर्गात प्रोग्रामिंग शिकायला जायचे. शेवटी पुण्याच्या एका कंपनीनं वर्गातल्या लॅपटॉपवरच इंटरव्ह्यू ठेवला. तयारीसाठी मिलमधून सुट्टी मागितली, तर मुकादमीण म्हणाली, "सोमवारपातुर जागा धरते. मग दुसरी बाई बसवीन." म्हणजे नोकरी लागली नाही तर सोमवारपासून पुन्हा मी आणि डाळ.

इंटरव्ह्यू घेणारे सर पुण्याचे, बोलणं एकदम पुस्तकी. यादीत दोनदा आलेली नावं काढून टाकेल असा प्रोग्राम लिहा म्हणाले. म्हटलं, चला, इथंही निवडायचंच आहे. लिहायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "झालं का?"

"करून राहिले, सर."

आईच्या माहेराकडून आलेल्या आमच्या बोलीत याचा अर्थ सरळ आहे. हात चालू आहेत, करतेय. त्यांना ऐकू गेलं, करायचं राहिलं.

"राहिलं? असू दे, काही हरकत नाही. आपण इथेच थांबू," असं म्हणून ते आभार मानायला लागले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ओ सर, थांबता कशाला? राहिलं कुठं? करून राहिले म्हणजे करतेय. बघा की, चालूच हाय."

शेजारी बसलेल्या वर्गाच्या मॅडमनी कपाळाला हात लावला. झालं, गेली नोकरी, असं मलाही वाटलं. पण सर हसू आवरत म्हणाले, "अच्छा, माझंच चुकलं. करा तुम्ही, मी बसलोय."

पहिल्यांदा चालवला तर घोळ. एकच नाव इंग्रजीत एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षरांत आलं की प्रोग्राम त्याला दोन माणसं समजत होता. ते निस्तरलं, मग नीट चालला. संध्याकाळी फोन आला, घेतलं म्हणून. मी वर्गाच्या पायरीवर बसून हमसून हमसून रडले. आनंद झाला होता, लाज कसली त्यात?

सोमवारी आईबरोबर मिलवर गेले. मला बघून मुकादमीण म्हणाली, "आलीस? बस."

मी तोंड उघडायच्या आत आईच बोलली, "तिची जागा दे कुणाला बी. ती आता येत न्हाई."

या बाईपुढं आईनं कधी मान वर केलेली मी बघितली नव्हती. बोलून झाल्यावर ती आपल्या जागेवर बसली आणि सूप पुढं ओढलं. मी खाली वाकून म्हटलं, "आई, तू बी ऊठ की."

"तुझा पहिला पगार होऊ दे," ती हळूच म्हणाली. "मग माझी बी जागा दे कुणाला बी, म्हणून सांगते तिला."