पडद्याआडचं इंग्रजी

कुणी बोलायला आलं की आमचे आबा आधी दोन्ही कानांतले रुईचे बोळे काढत, तळहातावर घेऊन सोनार वालभर सोनं पाहतो तसे निरखत, आणि मग म्हणत, "हां, आते बोल. बठ्ठं कानमा शे." म्हणजे आता सगळं कानात शिरेल.

बोळे होते ते जिनच्या आवाजापायी. ज्यांनी ऐन हंगामात जळगावचा जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, ऐकलेला नाही, त्यांना सांगतो: आमचा पट्टा फिरायला लागला की मेहरूणच्या तलावातले बेडूक गप्प बसत. आपलं आता कुणी ऐकणार नाही, एवढी अक्कल बेडकालाही असते. त्या गदारोळात अर्धं आयुष्य काढूनही आबांचा कान असा की नशिराबादला सासूने सुनेला हलक्या आवाजात टोमणा मारला, तर इकडे जळगावात आबांची मान हलायची. खोटं वाटत असेल तर त्या सासूला विचारा.

कंपनी विलायती होती. आबा कापसाच्या गाठींच्या वजनकाट्यावर हंगामी कारकून, आणि मीही तसाच. दसऱ्याला बोलवायचं, कापूस संपला की हाकलायचं. पुढच्या दसऱ्यापर्यंत तुम्ही जगता की मरता, हा प्रश्न विलायतेला पडत नसे. आबांना पक्कं व्हायचं होतं. बारा महिन्यांची नोकरी मिळाली तर उन्हाळ्यात दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जावं लागणार नव्हतं.

अशात पेढीत टेलिफोन आला. मुंबईचा साहेब त्यावर भाव सांगे, आणि इकडे कुणाला अक्षर कळत नसे. आमचे हेडक्लार्क नाना प्रत्येक वाक्याला "यस सर" म्हणत आणि फोन ठेवला की भिजलेला सदरा बदलायला घरी जात. शेवटी कंपनीने नियम काढला: ज्याला पक्कं व्हायचंय त्याने कानाची परीक्षा द्यावी. धुळ्याच्या पेढीत साहेब एक इंग्रजी उतारा वाचणार, आणि त्यावर तोंडी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आम्ही लिहायची. फोनमध्ये साहेबाचं तोंड दिसत नाही, म्हणून साहेब पडद्याआड बसणार.

इंग्रजी आम्ही सगळे थोडंफार शिकलेलो. वाचता येई, लिहिता येई. पण आमचे मास्तर पारोळ्याचे, त्यांचे मास्तर एरंडोलचे. गोऱ्याच्या तोंडचं इंग्रजी ऐकायचं कुठे?

आबांनी तोड काढली. पोहणं विहिरीत पडल्याशिवाय येत नाही, म्हणाले. आपल्याला जिवंत साहेब पाहिजे. जिवंत साहेब आमच्याकडे एकच, जिनचा इंजिनियर. तो शांतपणे आमच्याशी कधी बोलायचाच नाही. बोलायचा तो संतापला की. मग काय, आम्ही पाळ्या लावल्या. रोज एकाने साहेबाला भडकवायचं. कुणी गाडी फाटकात आडवी घालायचा, कुणी बांधलेली गाठ उन्हात ठेवायचा. साहेब तोंड सोडायचा, आणि छपराचे पत्रे तापल्याशिवायच कडकड वाजायचे. बाकीचे आम्ही खाली माना घालून भोवती उभे. साहेबाला वाटे, काय लाजाळू माणसं आहेत! लाजतंय कोण? आम्ही पाठ करत होतो.

दुपारी निंबाखाली आबा उजळणी घेत. पहिल्या वाक्यात काय म्हणाला? माझ्या बापाला काय म्हणाला, तुझ्या बापाला काय म्हणाला? ज्याने शिव्या खाल्ल्या असतील त्याला आबांच्या डब्यातलं भरीत आणि कळण्याची भाकरी. त्या भरितासाठी मी पाळी नसतानाही दोनदा गाडी आडवी घातली.

हंगाम सरता सरता आमचा कान असा तयार झाला, की साहेबाने नुसतं नाक फुगवलं तरी पुढचं वाक्य आम्ही मनात म्हणून टाकत असू.

धुळ्याला आम्ही मोटारीने गेलो ते लग्नाला निघाल्यासारखे. हॉलमध्ये रांगेने बसलो. पडद्यामागे मुंबईहून आलेला साहेब बसला आणि वाचायला लागला.

काय सांगू तुम्हाला. तो माणूस पाळण्यातल्या बाळाला जोजवावं तसा वाचत होता. मऊ, हळू, ओठातल्या ओठात. कसलीशी बाग होती, कुणीतरी म्हातारी होती, तेवढं कळलं. तीही कदाचित म्हातारी नसेल. आमचा कान सगळा शिव्यांवर पोसलेला. गोरा माणूस न रागावता बोलू लागला की कसा बोलतो, हे आमच्यापैकी एकानेही जन्मात ऐकलेलं नव्हतं. टाक हातातच वाळले.

आबा उठले. इंग्रजीतच बोलले, आपल्या खानदेशी वळणाने पण न अडखळता. साहेब, म्हणाले, हे जे तुम्ही वाचता आहात, ते इंग्रजी कंपनीने आम्हाला कधी ऐकवलंच नाही. आम्हाला रोज जे ऐकवता, त्यात वाचा.

पडदा सर्रकन बाजूला झाला. साहेब टमाट्यासारखा लाल. आणि मग जे सुरू झालं, ते आमच्या ओळखीचं होतं. घरी आल्यासारखं वाटलं. सगळ्यांचे टाक एकदम चालायला लागले. साहेब थांबला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आम्ही प्रत्येकाने त्याचं बोलणं शब्दन् शब्द उतरवून घेतलंय.

परीक्षा रद्द झाली. महिन्याने पुन्हा घ्यायची ठरली. पण आबांनी सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर त्यांचं नाव कायमचं कापावं, असा हुकूम झाला. हेडक्लार्क माणूस भला होता. त्यांनी आबांना व्हरांड्यात नेऊन हात जोडले. घरी लेकरं आहेत, म्हणाले, दोन शब्द बोलून मोकळे व्हा.

"माफी कसानी, नाना?" आबा म्हणाले. "माले समजनं नही, हाऊ काय गुन्हा शे?"

नाव कापलं.

आम्हाला वाटलं, आबा आता कुणाच्या तरी बांधावर रोजाने जातील. तर रविवारी सकाळी माझ्या दारात हजर. चूक कुठे झाली ते सापडलं होतं त्यांना: आपण संतापलेल्या साहेबावर शिकलो, आता थंड साहेब पाहिजे. थंड साहेब म्हणजे पाद्री. चर्चच्या मागच्या खिडकीखाली एरंडाच्या झुडपांत त्यांनी आम्हाला ओळीने बसवलं. आत प्रवचन, बाहेर आम्ही. पाद्रीबाबा इतका हळू बोले की आबा एरंडाच्या पानांनाही सळसळू देत नसत. वाऱ्याकडे असं बघत, की तो बिचारा आल्या वाटेने परत जाई.

मी एकदा विचारलं, "आबा, तुमचं तर नाव कापलं. तुम्ही का येता?"

"नाव कापं ना? कान कापात का मन्हा?"

महिन्याने पुन्हा धुळे. पुन्हा पडदा, पुन्हा मऊ आवाज. या वेळी बरंचसं कळलं, पण सगळं नाही. आमच्यातला सगळ्यात भित्रा, यावलचा कारकून, आधी उभा राहिला आणि पुन्हा वाचा म्हणाला. मग मी. मग माझ्या शेजारचा. एक बसला की दुसरा उठे. प्रत्येक वाचनाला साहेबाचा आवाज चढत गेला, आणि शेवटी तर तो खिडकीतून आग्रा रोडवर ऐकू जायला लागला.

खिडकीबाहेर चिंचेखाली आबा मांडी घालून लिहीत होते.

आमचे कागद गोळा झाले, तसे ते सरळ आत आले. पट्टेवाला आडवा झाला, त्याला त्यांनी प्रेमाने बाजूला केलं. आपला कागद साहेबापुढे ठेवला, नमस्कार केला आणि आले तसे निघून गेले. साहेब घंटीकडे हात नेता नेता थांबला. कागद फाडील असं वाटलं. त्याने लाल पेन्सिल उचलली आणि आधी तोच तपासायला घेतला.

दोन ठिकाणी खूण केली. खाली सही केली. मग हेडक्लार्कना म्हणाला, त्या माणसाला बोलवा, तो पास आहे, त्याला घेतो.

हेडक्लार्क टोपी सावरत रस्त्यापर्यंत धावले. आबा जळगावच्या नव्हे, उलट्या दिशेच्या नरडाण्याच्या मोटारीत चढून बसले होते. नानांनी धापा टाकत सगळं सांगितलं, साहेब बोलावतोय म्हणाले.

"त्याले म्हना, आठे यीसन सांग," आबा म्हणाले. साहेबाने इथे येऊन सांगावं म्हणे! आणि मोटार सुटली.

त्यानंतर आबा जळगावला कुणाला दिसले नाहीत. नरडाण्याकडे त्यांनी काय केलं, याच्या दहा गोष्टी ऐकल्या. त्यातल्या सहा मीच सांगितलेल्या आहेत, त्या सोडून द्या. पण ही एक खरी. हेडक्लार्क रिकाम्या हाताने परतत होते, तेव्हा साहेब खुर्चीवर नव्हता. तो फाटकात उभा होता. मी तर शपथेवर सांगतो, फाटकाच्या बाहेर, भर उन्हात, चांगली चार पावलं आलेला होता. धुळीत नुसता उभा होता.