हसवणारं पुस्तक

मी ग्रंथपाल असलेल्या लातूरच्या वाचनालयात देवणीकडचे एक गृहस्थ आले. टोपी हातात चुरगाळत त्यांनी विचारलं, "ताई, हसवणारं पुस्तक कोणतं हाय?" डॉक्टरकीच्या परीक्षेत नापास होऊन घरी आलेली त्यांची मुलगी कुणाशी बोलतच नव्हती.

मी विनोदी कथा सुचवल्या. पुढच्या खेपेला रहस्यकथा, मग प्रवासवर्णन, शेवटी कविता. प्रत्येक पुस्तक ते ओळीवर बोट ठेवून, अडखळत, तिला मोठ्यानं वाचून दाखवत.

काल ते कविता परत द्यायला आले.

"काही बोलली का?" मी विचारलं.

"हाव. म्हणली, आप्पा, बास करा आता. मला कायबी ऐकू वाटंना."

मग त्यांनी विचारलं, "आता कोणतं नेऊ?"

समोर कपाटं गच्च भरलेली होती. मी उठून पहिल्या कपाटापासून पुन्हा एकेक नाव बघायला लागले.