रंगावर लावलेला अर्थ

काशीनाथकाकांनी होडीच्या जुन्या इंजिनाला नवा अल्टरनेटर बसवला, तरी बॅटरी चार्ज होईना. मला घेऊन त्यांना ओहोटीआधी निघायचं होतं, आणि बॅटरीशिवाय समुद्रात ना दिवा, ना वायरलेस.

नारळी पौर्णिमेला काकांनी हौसेने इंजिनही निळं रंगवलं होतं. मेकॅनिक सलीमभाई ते पाहून हसले.

"काका, इंजिनाचं लगीन होतं काय? रंगावर अर्थ लावलात, करंट जाईल कसा?"

अर्थ म्हणजे अर्थिंगची, इंजिनाच्या लोखंडाला जोडायची वायर. सलीमभाई रंग खरवडू लागले. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, आता लिहितोही. ‘समता’ हा शब्द आम्ही असाच रंगावर लावतो. लोखंड लागेपर्यंत खरवडायचं म्हटलं की सगळ्यांना घाई असते.

बोल्ट आवळला. इंजिन धडधडलं, मीटरचा काटा वर गेला.

"लागला एकदाचा अर्थ!" म्हणत काकांनी दोर सोडला.