डोहात बसलेले आबा

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासऱ्यांइतका मासे खाणारा आणि माशांची इतकी काळजी वाहणारा माणूस अख्ख्या मावळात दुसरा झाला नसेल. तिकोणा पेठेत सगळे त्यांना आबाच म्हणत. गळाला ते हात लावत नसत. "जेवायला बोलवून मान कापायची, ह्ये माणसाचं काम न्हाई," म्हणायचे. जाळं त्यांना आळशाचं वाटे, आणि पाण्यात फळं ठेचून माशांना गुंगी आणणाऱ्याशी ते वर्षभर बोलत नसत. स्वतः पवना नदीत उतरून, डोळे मिटून कपारीत हात घालत आणि आत मरळ आहे की वाम, हे बोटांनीच ओळखत. कधी खेकडाच डसे; तेव्हा त्याच्या घरात आपण शिरलो, त्याची काय चूक, अशी खेकड्याचीच बाजू घेत. अंड्यावरची मासळी धरायची नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. त्या दिवसांत गावभर कालवण शिजे आणि आबा भाकरीला चटणी लावून बसत. ती चटणी वाढताना बहिणीच्या सासूबाई जे बोलत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

एका वैशाखात मी बहिणीकडे गेलो होतो. लोणावळ्याकडच्या बांधकामावरचा एक मुकादम दोन गडी आणि सुरुंगाची कांडी घेऊन नदीवर आला. नदी आटली होती. उरलेसुरले मासे एका डोहात गोळा झाले होते. एक बार उडाला की पिलांसकट सगळे पोट वर करून तरंगणार, आणि पुढच्या साली नदीत बीसुद्धा उरणार नाही. सुरुंगाला सरकारी बंदी होती, पण सरकार होतं पुण्यात आणि मुकादम काठावर. आबांनी वाद घातला नाही. फेट्यासकट डोहात उतरले आणि मधल्या खडकावर जाऊन बसले. पाणी गळ्याला लागलं.

"टाका आता," म्हणाले. "आमी हितंच हाय."

मुकादमाने आधी शिव्या दिल्या, मग विनवण्या केल्या, मग झाडाखाली बसून विड्या ओढल्या. बहीण काठावरून हाका मारून थकली, शेवटी तिने भाकरी नेऊन दिली, ती आबांनी पाण्यातच खाल्ली. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. उन्हं कलल्यावर मुकादम कंटाळून निघून गेला. आबा बाहेर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते.

त्यानंतर त्या डोहात त्यांनी कधी हात घातला नाही. मासे मुबलक होते, अंगात बळही होतं. पुढच्या खेपेला मी त्यांना कारण विचारलं.

"दिसभर समदी मासळी माज्या पायाशी येऊन बसली व्हती, पाव्हणं," म्हणाले. "आता कंच्या हातानं धरू?"