लोहचुंबकाला चिकटलेलं पदक

माझा मामा जुनी जर्मन पदकं जमवतो. नवं पदक हातात आलं की आधी त्याला लोहचुंबक लावून बघतो. जर्मनांच्या फ्रान्सशी झालेल्या जुन्या युद्धाची स्मृतिपदकं दोन धातूंची आहेत. लढलेल्यांना कांस्याचं, तेही शत्रूच्या जिंकलेल्या तोफा वितळवून केलेलं. जखमींना उचलणाऱ्यांना, मलमपट्टी करणाऱ्यांना साधं पोलादी.

काल त्याच्या पदकांच्या प्रदर्शनाची मांडणी करताना एक पदक टक्कन चुंबकाला चिकटलं.

"हे बिनलढाईचं निघालं," म्हणत मामाने ते काचेच्या पेटीखालच्या खणात सरकवलं.

"वर का नाही?"

"अगं, लोक शूरांची पदकं बघायला येतात."

माणसं पाडणाऱ्याला तोफेचा धातू आणि उचलणाऱ्याला उरलासुरला, हे ठरवणारे केव्हाच मेले. आपण का पाळतोय ते? माझी आई सरकारी दवाखान्यात आया आहे. साथ ओसरल्यावर तिथे मोठा सत्कार झाला. स्टेजवर आईला खुर्ची नव्हती. खुर्च्या मांडायला मात्र तिलाच बोलावलं होतं.

"मामा, त्यावर लिहिलंय काय?"

"युद्धातल्या कर्तव्यनिष्ठेसाठी."

"मग तुझ्या ताईला कुठल्या खणात ठेवतोस?"

मामा चुंबक पुसत बसला. मी पोलादी पदक वर काढलं, कांस्याच्या रांगेत मधोमध ठेवलं आणि काचेच्या पेटीला कुलूप लावलं. किल्ली माझ्याकडे आहे. प्रदर्शन संपेपर्यंत ती मी कुणाला देणार नाही.