दौलतचा हात सुटला नव्हता

“आमचा दादा साऱ्या तालुक्याला चेनसॉ चालवायला शिकवायचा, पण स्वतः एकदा गाफील राहिला आणि मशीनने त्यालाच फाडलं. त्या धसक्याने त्याने पुन्हा कधी झाड कापलं नाही.” माझा मामेभाऊ दौलत याच्या तेरवीला, जेवणापूर्वी मांडवात झालेल्या लहानशा सभेत, त्याचा धाकटा भाऊ सुधाकर हे बोलला. लोकांनी माना डोलावल्या. पुढे हेच वाक्य एका श्रद्धांजलीत छापून आलं, आणि परवा आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी त्यात दारूची भर घालून ते मलाच ऐकवलं. मी न्यायालयात पेशकार होतो. साक्षीदार बदलत गेला की हकिकत कशी फुगत जाते, हे पाहण्यातच माझी नोकरी सरली. दौलतला आता उत्तर देता येत नाही. मला येतं, आणि ते मी चारचौघांत देणार आहे, कारण आरोपही चारचौघांतच झाला.

दौलत मला आठवतो तो नेहमी धुक्यात. नरखेड तालुक्यातली मामांची संत्र्याची बाग, ओसरत आलेली थंडी, आंबिया बहराची पांढरी फुलं, आणि नाल्यापलीकडून येणारा त्याच्या मशीनचा आवाज... दुरून तो यंत्राचा वाटतच नसे. एखादा थोरला भुंगा फुलांत अडकून पडला असावा, असं वाटे. मग धुकं किंचित विरळ होई आणि त्यातून उंचापुरा दौलत उगवे. डोक्यावर टोप, चेहऱ्यापुढे जाळी, खांद्यांवर पिवळसर भुसा. डिंक्या रोगाने बसलेली झाडं त्या वर्षांत काढावी लागत, आणि त्यांतली काही मरता मरताही फुलत. कापल्या लाकडाचा ओला, कडसर वास आणि त्या फुलांचा वास एकमेकांत असे विरघळत, की बाग संपते आहे की नुकती सुरू होते आहे, हे कळत नसे. दौलत मशीन बंद करी, जमिनीवर ठेवी आणि तळहातावर भुसा घेऊन माझ्या नाकाशी आणी.

“पाह्य नाना, कसा जाड कीस पडून राहिला. म्हणजे चेनले धार आहे. पीठ पडाले लागलं की समजाचं, आता माणूस जोर लावते, अन् जोर लावला की हे अंगावर येते.”

“पुरे झाली फुशारकी,” मी म्हणे.

“मंग काय तुह्या कोर्टासारखी पुढची तारीख देऊ?”

फुशारकी तो मारीच. सभेत त्याला ‘विनयशील’ही म्हटलं गेलं, तेही चूक आहे, हे जाता जाता नोंदवतो. नागपुरात त्याचं पंप आणि चेनसॉ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि आपल्यासारखा कारागीर विदर्भात नाही, हे तो गिऱ्हाइकाला चहाआधी सांगे. मात्र नवी मशीन विकली की पैसे घेऊनही ती तो लगेच हातात देत नसे. आधी शिकवणी. चेन जिच्याभोवती फिरते त्या लांब पट्टीच्या टोकाचा वरचा भाग त्याने लाल रंगाने रंगवलेला असे. एकदा रामटेककडचा एक धानवाला शेतकरी आला होता. त्याला घाई होती.

“काका, मी लहानपणापासून झाडं तोडून राहिलो. मले काय शिकवता?”

“कुऱ्हाडीनं तोडली असतील गा. कुऱ्हाड जिकडं मारली तिकडं जाते. हे उलटी येते. हा लाल भाग कशालेच लागू द्याचा नाही. लाकडाले नाही, भिंतीले नाही, मातीले नाही.”

“मशीनले कुंकू लावलं का काका?”

“लावलं. आता तिच्यावरून नजर हटवू नको, नवरदेवा.”

दुकानात हशा पिकला. तरीही त्या माणसाला मशीन जमिनीवर टेकवून, ब्रेक लावून, मागच्या मुठीवर पाय दाबून चालू करावी लागली; दोन्ही हातांनी, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून नीट वेढून धरावी लागली; पट्टीच्या रेषेत उभं न राहता किंचित बाजूला सरकून उभं राहावं लागलं. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही, एका हाताने चालवायची नाही, आणि दुसरा माणूस आसपास असेल तर चालूच करायची नाही, हे दौलत त्याच्याकडून वदवून घेत होता, आणि तो बिचारा शाळकरी पोरासारखा म्हणत होता. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून हे किती वेळा ऐकलं असेल... दुपारच्या उन्हात रस्त्यावरची धूळ दारातून तरंगत आत येई, आणि त्या सोनेरी धुळीत दौलतचा आवाज पाठ केलेल्या आरतीसारखा चालू राही.

हे ‘उलटं येणं’ म्हणजे काय, ते सांगणं भाग आहे, कारण सारा वाद त्यावरच उभा आहे. चेन पट्टीभोवती वेगाने फिरत असते. टोकाचा वरचा भाग कशाला अडला, की चेन क्षणभर रुतते आणि तिचा सारा वेग पट्टीला वर आणि मागे फेकतो, धरणाऱ्याच्या दिशेने. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडतं. संत्र्याच्या झाडात तर हा धोका दुप्पट. फांद्या खालपासून गच्च, आणि फळांच्या ओझ्याने त्या मोडू नयेत म्हणून लावलेले बांबूचे टेकू वर्षानुवर्षं आतच विसरलेले, पानांनी झाकलेले. म्हणून दौलतचा नियम होता: आधी झाडात शिरून एकेक बांबू ओढून बाहेर काढायचा, तोवर मशीनला हात नाही. बागेतले मजूर त्याच्या या नियमाला कंटाळत. मामाही वैतागत. सुधाकर सर्वांत जास्त कंटाळे.

अपघात झाला त्या सकाळी बागेत दोघंच भाऊ होते. दौलतला नागपूरच्या दवाखान्यात आणलं, तेव्हा मी धावत पोहोचलो. खांदा, काख, छाती, सगळं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं; आत काय आहे ते दिसायला जागा नव्हती. सुधाकर पायथ्याशी उभा होता. त्याच्या विजारीवर मांडीपर्यंत भुसा होता. त्या भुशाला मी पुरावा म्हणत नाही; बागेत वावरणाऱ्या कोणाच्याही अंगावर भुसा असतो.

“काहून गा दौलत, काय झालं?” मी विचारलं.

“झाडात बांबू होता. टोक लागलं. माहा हात सुटला.”

“तू बांबू काढल्याशिवाय मशीन लावली?”

तो हसला. “नाना, उलटतपासणी घेऊन राहिला का बे? झोपू दे मले.”

मामा बाहेर बाकावर बसलेले होते. धाकट्यावर त्यांचा किती राग होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. अशा एका चुकीवर त्यांनी त्याला बागेच्या बांधावर उभं राहू दिलं नसतं. दौलतला हे माझ्याहून अधिक कळत होतं. ती बाग आज सुधाकर कसतो. चांगली कसतो, हेही मी मान्य करतो.

राहिला धसक्याचा मुद्दा. त्यानंतर दौलतचा उजवा हात छातीच्या वर जात नसे. मशीन दोन्ही हातांनी पक्की धरता येत नसेल त्याने ती धरू नये, हा त्याचाच नियम, आणि तो त्याने स्वतःला लावला. त्याला भीती म्हणणाऱ्यांनी त्याची नंतरची शिकवणी पाहिली नाही. खुर्चीवर बसून, डाव्या हातातल्या वेताने गिऱ्हाइकाचा अंगठा टोचून तो नीट करायचा. “पाहा काका, तुमचाच कसा सुटला ते,” असं एखादं बेरकी गिऱ्हाईक म्हणे, तेव्हा दौलत मान खाली घाली. एरवी फुशारकी मारणारा तो माणूस वेताचं टोक जमिनीवर टेकवून बसे... आणि मला वाटे, हा कुठल्या तरी दूरच्या फुललेल्या बागेत उभा आहे आणि तिथून परतायला त्याला वेळ लागतो आहे.

अजूनही पहाटे कधी तो आवाज येतो. जागा की झोपेत, सांगता येत नाही. धुकं असतं, फुलांचा वास असतो, आणि झाडाच्या आत कोणीतरी वाकून काहीतरी ओढत असतं. मी हाक मारतो. तो वळत नाही.

सुधाकर माझाही धाकटा भाऊ आहे. तेव्हा तो तरणा होता, उतावळा होता. ते मी केव्हाच सोडून दिलं. सभेतलं वाक्य मात्र त्याने पिकल्या केसांनी, दौलतच्या फोटोशेजारी उभं राहून उच्चारलं. तो हा लेख वाचेल. हा लेख त्याच्यासाठीच आहे.

दौलत झोपेतच गेला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहतो, म्हणून आधी पोहोचलो. सुधाकर गावाहून अजून वाटेत होता. वहिनी अपघाताच्या आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, आणि अपघातानंतर अंगातला सदरा दौलतने कोणासमोर कधी काढला नाही. शेवटची अंघोळ मी घातली. हातातली मशीन उसळते तेव्हा ती धरणाऱ्याच्या तोंडावर, गळ्यावर, छातीवर येते, समोरून येते. शेजाऱ्याच्या मदतीने मी दौलतला कुशीवर वळवलं, कोमट पाणी ओतलं आणि हाताने धुतलं. त्याच्या चेहऱ्यावर, गळ्यावर, छातीवर साधा ओरखडा नव्हता. तो लांब, तिरका व्रण उजव्या खांद्याच्या मागे होता. पाठीवर.